समोरच्या घरातला फ्रीज

माझ्या कुटुंबात मला धरून एकूण एक माणूस आहे. ही गोष्ट मला ठाऊक होतीच. घरात असताना ती अंगवळणी पडलेली असते. पण सरकारी खिडकीसमोर उभं राहून, मागे कडेवर पोरं घेतलेल्या बायकांची रांग खोळंबलेली असताना, तीच गोष्ट मोठ्याने सांगायची वेळ आली की तिचा आवाज वेगळाच येतो.

"कुटुंबप्रमुख?" खिडकीतल्या गृहस्थाने विचारलं.

"मी. एव्हारिस्तो बारिएन्तोस."

"बाकीची माणसं?"

"बाकी नाहीत."

"मग प्रमुख कुणाचे?"

प्रश्न रास्त होता. त्याने माझं विजेचं बिल उलटसुलट करून पाहिलं. गरीब कुटुंबांना सरकार फुकट देतं त्या आरोग्य विम्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि आमच्या मेक्सिकोत विजेच्या बिलाहून मोठा पुरावा देवानेही अजून निर्माण केलेला नाही.

"बिल आम्पारो रिव्हास यांच्या नावावर आहे. या कोण?"

"माझी पत्नी."

"मग म्हणता कसे बाकी कुणी नाही? त्यांनाही घेऊन या. दोघांचं एकाच अर्जात होतं."

"ती येणार नाही."

"रुसल्यात?"

"वारली."

गृहस्थ ओशाळला आणि ओशाळलेला सरकारी माणूस चिडतो तसा चिडला. "मग वीज कंपनीला कळवायला नको?"

नव्हतं कळवलं. एक महिना सोडून एक, कंपनी आम्पारोच्या नावाचा कागद दाराखालून सरकवते. तिला दुसरं कुणी पत्र पाठवत नाही. मी उठून कळवलं असतं तर तेवढंही बंद झालं असतं. पण हे खिडकीत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून "राहून गेलं" म्हणालो.

खरं तर हे सगळं प्रकरण त्या बिलापासूनच सुरू झालं. बिल उचलायला वाकलो आणि नाभीच्या दक्षिणेला, जिथल्या भूगोलाची चर्चा सभ्य माणूस करत नाही अशा प्रांतात, कळ आली. डॉक्टरने तपासून सांगितलं, "हर्निया. शिवून घ्या. वजन उचलू नका, धावू नका. आणि घट्ट होऊन निळा पडला, तर मात्र थेट मोठ्या इस्पितळात धावा."

"आत्ताच तर धावू नका म्हणालात."

"तेव्हा चालेल," तो म्हणाला.

खासगीत शिवण्याचा खर्च ऐकून हर्निया आणखी थोडा खाली उतरला. नोकरदारांना विमा असतो; मला नव्हता. जन्मभर मी दोरे-बटणांच्या दुकानात हिशेब लिहिले. मालकाकडे विम्याचा विषय काढला की तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. "एव्हारिस्तो, तू तर घरचाच. घरच्या माणसाचा कुठे विमा उतरवतात?" मालक गेले, मुलांनी दुकान विकलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वाटणीच्या वेळी घरच्या माणसांत मी कुणाला आठवलो नाही. थोडक्यात, कोट घालणारा, टाय बांधणारा, गल्लीत सगळे ज्याला आदराने 'कोन्तादोर' म्हणजे हिशेबनीस म्हणतात असा मी इसम, गरिबांच्या रांगेत उभा होतो. टाय मी घरूनच काढून गेलो होतो. मागची बाई तरी म्हणालीच, "आजोबा, चुकून आलात का?"

खिडकीतल्या गृहस्थाने शिक्का मारला. "घरी पाहणी होईल. आमची बाई येऊन जाईल."

"कधी?"

"येईल तेव्हा."

*

आमच्या गल्लीत गुपित ठेवायला जागा नाही. समोरच्या दोन्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई, रोज सकाळी दारात मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेचं पातेलं मांडून बसतात आणि गल्लीची सारी जनता त्या पातेल्याभोवती उभी राहून नाश्ता करते. मी तिथे 'पाहणी' एवढाच शब्द उच्चारला आणि माझ्या हर्नियासकट सगळं बाहेर आलं. म्हणजे बातमी.

"वर पेसोचं नाणं ठेवून पट्टा आवळून बांधा," तिने सुचवलं. "माझ्या सगळ्या नातवंडांच्या बेंब्या तशाच बसवल्यात."

"दोन्या तोमासा, मी नातवंड नाही."

"ते दिसतंय. पण पाहणीचं काय? घरात फ्रीज आहे ना तुमच्या?"

"आहे."

"टीव्ही?"

"आहे."

"मग संपलंच," चोन न्हावी तमाले सोलत म्हणाला. त्याचं दुकान माझ्या घराला लागून आहे आणि प्रत्येक सरकारी बाबतीत त्याचा एक मेहुणा पोळलेला असतो. "माझ्या मेहुण्याकडे माशांची काचेची पेटी होती, एवढीशी. पाहणीवाल्याने लिहिलं, 'जलचर पाळतो.' गेला श्रीमंतांत. वर मासेही मेले."

"मग मी काय करू?"

हा प्रश्न आमच्या गल्लीत कधी विचारू नये. शनिवारी तोमासाचे जावई दोर घेऊन आले. फ्रीज रस्ता ओलांडून तिच्या स्वयंपाकघरात गेला, टीव्ही चोनच्या दुकानात गेला. आम्पारोचं शिवणयंत्र नेताना मी म्हणालो, "ते जुनं आहे, राहू द्या," तर तोमासा म्हणाली, "जुनं म्हणजे वडिलोपार्जित. ते तर फारच वाईट." मग तिची नजर जेवणाच्या टेबलाकडे गेली. "एका माणसाला सहा खुर्च्या? कोन्तादोर, तुम्ही काय बिशप आहात?" पाच खुर्च्या गेल्या. बॉयलर भिंतीला पक्का होता. त्याच्यावर चादर टाकून पुढे ग्वादालुपेच्या मातेची तसबीर आणि मेणबत्ती ठेवली. मातेला बाजूला सारून मागे काय आहे ते बघण्याची हिंमत या देशात कुठल्याही खात्याच्या माणसाला होणार नाही, हे चोनचं मत होतं आणि ते मला पटलं.

सगळे गेल्यावर मी घरात फिरलो. जिथे फ्रीज होता तिथे फरशीचा एक चौकोन नवाकोरा होता. मी खोकलो, तर तोच खोकला रिकाम्या भिंतींवरून परत आला. मी एकुलत्या खुर्चीवर बसलो आणि पाहणीवाल्या बाईची वाट पाहू लागलो.

बाई आली नाही. पण माझं दूध तोमासाकडे होतं.

दूध आणायला गेलं की "आलात तर बसा" व्हायचं. बसलं की ताट यायचं. मी हिशेबी माणूस. मी सगळं टिपत होतो. पहिल्या आठवड्यात फ्रीजमधला वरचा कप्पा माझा होता. मग तिथे तोमासाच्या मुलीने रंगीत जेली लावली आणि माझं दूध खालच्या कप्प्यात गेलं. मग खाली डुकराच्या मटणाची पातेली आली आणि मी दारात आलो. शेवटी अंड्यांच्या खाचा तेवढ्या माझ्या मालकीच्या राहिल्या. बाहेरून दारावर नातवंडांनी चित्रं चिकटवली होती. त्यातलं एक चष्मेवाल्या उंच माणसाचं होतं. "हे कोण?" मी विचारलं. "फ्रीजवाला," नात म्हणाली.

संध्याकाळी चोनकडे माझ्या टीव्हीवर फुटबॉल असायचं. माझ्याच टीव्हीपुढे मला दुसऱ्या रांगेत जागा मिळायची, कारण पहिली गिऱ्हाइकांची. म्हणून मी दाढी करवून घेऊ लागलो. इतक्या दाढ्या मी लग्नाच्या वर्षीही केल्या नव्हत्या.

*

अशाच एका दाढीत घात झाला.

मी खुर्चीत मागे रेललो होतो, डोळ्यांवर गरम टॉवेल, गालांवर फेस, गळ्यावर चोनचा वस्तरा. दारात बाईचा आवाज आला. "नमस्कार. एव्हारिस्तो बारिएन्तोस इथेच बाजूला राहतात का?"

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. हातात फाइल घेतलेलं माणूस तुमच्या शेजाऱ्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, विचारत आलं, तर ते हप्ते वसूल करायला आलेलं असतं. त्याला खरं सांगणारा माणूस गल्लीत तोंड दाखवू शकत नाही.

"बारिएन्तोस?" चोन वस्तरा न थांबवता म्हणाला. "कधी ऐकलं नाही."

"पत्ता तर शेजारचाच आहे."

"समोरच्या तमालेवाल्या बाईंना विचारा, दारात कोंबडा आहे त्यांच्या. त्यांना सगळी गल्ली ठाऊक."

"त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ते घर वर्षानुवर्षं रिकामं आहे. खिडकीतून पाहिलं, आत एक खुर्ची तेवढी आहे." मग बाईचा आवाज माझ्याकडे वळला. "आजोबा, तुम्ही जुने दिसता. तुम्हाला माहीत आहेत का बारिएन्तोस?"

माझा एक पैशाचा हप्ता कुठे थकलेला नाही. तरीही, शपथेवर सांगतो, टॉवेलखालून, वस्तऱ्याखालून, जन्मभराच्या सवयीने माझ्या तोंडून बाहेर पडलं, "तो? तो कधीच गेला इथून."

"कुठे, काही कल्पना?"

"काही नाही, बाई. एकटाच होता. कुणाला पत्ता लागला नाही."

बायबलात प्रेषित पेद्रोला, कोंबडा आरवायच्या आत, प्रभूला नाकारायला तीन खेपा लागल्या. आमच्या गल्लीने तोमासा, चोन आणि खुद्द मी असे तिघे कामाला लावून ते एका दाढीत उरकलं. पलीकडे तोमासाचा कोंबडाही आरवला. पण तो दिवसभर आरवतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही.

बाई गेल्यावर चोन समाधानाने म्हणाला, "कटवली. पण हप्तेवाल्यांनी हल्ली फार चांगले पोशाख दिलेत बुवा. पांढरं जाकीट, छातीवर लाल क्रूस..."

मी टॉवेल काढला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"चोन," मी म्हणालो, "लाल क्रूस?"

अर्ध्या गालावर फेस घेऊन मी रस्त्यात आलो. धावायची मला मनाई होती. मी दुखरी बाजू हाताने दाबून धरून भराभर चाललो. बस कोपऱ्यावरून वळताना दिसली. तोमासा दारातून अभिमानाने ओरडली, "काळजी नको, कोन्तादोर! मी सांगितलं, असला कुणी माणूसच नाही!"

*

"त्या घरात कुणी राहत नाही," खिडकीतला गृहस्थ म्हणाला.

"मी राहतो."

"शेजारी नाही म्हणतात. तीन साक्षी आहेत. एका न्हाव्याच्या दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी तर तुम्ही गेल्याचं स्पष्ट सांगितलंय."

"तो वृद्ध गृहस्थ मीच."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमचंही तेच म्हणणं आहे."

घरी येताना मी आपलीच खिडकी बाहेरून पाहिली. भिंतीवर मेणबत्तीचा उजेड, मध्ये एक खुर्ची. बाईचं चुकलं नव्हतं. मीही वाटसरू असतो तर पुढे गेलो असतो.

कळ आता चढ चढतानाही यायला लागली होती. अर्ज, विनवण्या, गल्लीतल्या पुढाऱ्याचा दाखला असं सगळं करून दुसऱ्या पाहणीची तारीख मिळाली. या खेपेस तोमासाने गल्लीला तंबी दिली, "जो कोणी विचारेल त्याला सांगायचं, कोन्तादोर आहेत!" त्यामुळे पाहणीवाली बाई, सेन्योरिता यास्मिन, बसमधून उतरल्यापासून माझ्या दारापर्यंत दिसेल त्याने तिला मी जिवंत असल्याचं सांगितलं. तिने विचारलंही नव्हतं.

"हे घर कुणाचं?"

"आपलंच, सेन्योरिता," मी आमच्या रीतीप्रमाणे म्हणालो. तिला बसायला खुर्ची दिली आणि मी उभा राहिलो. ते पाहून तोमासा समोरून एक खुर्ची घेऊन आली. माझीच होती. मला तिच्यावर बसवून ती दाराला टेकून उभी राहिली.

"तुमचा आवाज ओळखीचा वाटतो," यास्मिन मला म्हणाली.

"घरात फ्रीज नाही!" तोमासाने मध्येच तोंड घातलं.

"असला तरी चालतो हो. एकटा म्हातारा माणूस, नोकरीचा विमा नाही, त्याचा फ्रीज मोजून सरकार काय करणार? पासच होतो अर्ज." ती लिहीतच होती. मी तोमासाकडे पाहिलं, तोमासा मातेच्या तसबिरीकडे पाहू लागली. "आता एकच प्रश्न. एका चुलीवर किती माणसं जेवतात?"

"एक," मी म्हणालो.

"एक कसले?" तोमासा म्हणाली. "फ्रीज आल्यापासून आमच्याकडेच जेवतात. काल नातीच्या नावाच्या संताचा दिवस होता, मोलेचा झणझणीत रस्सा केला होता, दोनदा वाढून घेतला. वर डबा नेला."

यास्मिनची लेखणी थांबली. "मग अडचण आहे. एका चुलीवर जेवतात ते एक घर. यांना तुमच्या घरात धरावं लागेल."

"धरा की! एवढी तोंडं आहेत, त्यात हे एक."

"तुमचा विमा आधीच झालाय. त्यात नाव घालायचं तर नातं लागतं. नवरा, मुलगा, बाप. हे तुमचे कोण?"

दोन्या तोमासाने तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. गल्लीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. मी फरशीकडे पाहिलं.

"शेजारी," ती शेवटी म्हणाली.

"शेजाऱ्याला रकाना नाही." यास्मिन माझ्याकडे वळली. पोरगी चांगली होती, हळूच बोलली. "सेन्योर, तुम्हीच सांगा. एकटे जेवत असाल तर आजच कार्ड होतं. यांच्यात जेवत असाल तर ना इथे, ना तिथे."

पोटात खाली कळ होती. दारात तोमासा होती.

"मी एकटाच जेवतो," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हिशेबनिसाला आकड्याखाली रेघ मारल्याशिवाय चैन पडत नाही. "यांच्याकडे मी कधी जेवलेलो नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

कोंबडा या वेळी आरवला नाही. हवा तेव्हा तो आरवत नाही.

यास्मिन सही घेऊन उठली. ती जाईपर्यंत तोमासा थांबली. मग पुढे येऊन माझ्याखालची खुर्ची तिने हाताने दाखवली, मी उठलो, तिने खुर्ची उचलली.

"चालू द्या तुमचं, कोन्तादोर," ती म्हणाली. "एकट्याचं."

*

कार्ड आलं. त्यावर माझं नाव होतं आणि खाली 'कुटुंबातील सदस्य: एक'. त्याच दिवशी सकाळी माझ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. आत माझं दूध, माझी अंडी, लोण्याचा तुकडा आणि एक कापलेलं अर्धं लिंबू. लिंबू मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

फ्रीज मागायला मी गेलो नाही, तिने पाठवला नाही. तमाले मी दुसऱ्या गल्लीतून आणू लागलो. त्यांत मिरची कमी असते, आणि पातेल्याभोवती कुणी उभं नसतं. दुपारी खुर्ची खिडकीशी ओढून बसलो की समोरच्या घरातून हसणं ऐकू यायचं. फ्रीजची मोटर चालू झाल्याचाही आवाज यायचा. माझा फ्रीज आहे तो, आवाज ओळखतो मी.

मोठ्या इस्पितळाने तारीख दिली आणि यादी दिली. उपाशी यायचं. रक्त देणारे दोघे आणायचे. आणि जबाबदार नातेवाईक पूर्ण वेळ दाराशी हजर हवा. नसेल तर ऑपरेशन नाही, तारीख पुन्हा मागायची.

रक्त चोनने दिलं आणि त्याच्या माशांच्या मेहुण्याने. "आता आपलं रक्ताचं नातं, कोन्तादोर," चोन दंड दाबत म्हणाला. रक्त पिशवीत भरून भलत्याच कुणासाठी गेलं होतं, पण मी त्याचं मन मोडलं नाही.

"मग तूच बस ना दाराशी," मी म्हणालो.

"मी? सुईनेच मला घेरी आली, तुम्ही पाहिलंत. चिरलेल्या माणसाजवळ मला बसवू नका. तिला विचारा."

"कोणत्या तोंडाने?"

"ज्या तोंडाने मोले खाल्लंत, त्याच."

नाही विचारलं. ठरल्या दिवशी सकाळी कोट-टाय घालून एकटाच बसने गेलो. ते उतरवून मागून उघडा असा एक झगा त्यांनी घालायला दिला; त्यात माणसाची उरलीसुरली प्रतिष्ठा कुठून कुठे निघून जाते ते सांगवत नाही. नर्सने विचारलं, "नातेवाईक?"

"येतायत."

"कोण?"

"घरचे," मी म्हणालो. मालकाचा शब्द तेवढा वारशात मिळाला होता.

मला ढकलगाडीवर आडवं करून दाराशी आणून ठेवलं. दारापलीकडे लोकांनी भरलेली ओसरी होती. पहारेकरी ओरडला, "बारिएन्तोस एव्हारिस्तोचे नातेवाईक!"

ओसरी गप्प झाली. आपलं नाव नाही हे कळल्यावर गप्प होतात तशी.

"बारिएन्तोसचे नातेवाईक!"

कुणाचं तरी मूल रडलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. वरचा दिवा माझ्या डोळ्यांवर होता. नर्सने घड्याळ पाहिलं आणि गाडीच्या दांड्याला हात घातला, परत न्यायला. मीही मनात पुढच्या तारखेचा हिशेब मांडू लागलो होतो.

"अहो, आले, आले! काय जीव घेताय ओरडून!"

पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "तुम्ही यांच्या कोण?"

"कुणी नाही."

"मग आत सोडता येणार नाही, बाई. नातं काय?"

"यांचा फ्रीज माझ्याकडे आहे," तोमासा म्हणाली.

"फ्रीज?"

"आणि पाच खुर्च्या. आणि यांच्या बायकोचं शिवणयंत्र. एवढं सामान माणूस परक्याच्या घरात ठेवतो का? सोडताय आत, की खुर्च्या आणून मांडू इथे?"

पहारेकऱ्याने बराच विचार केला. मग हात काढला. ती आत आली. अंगाला मक्याच्या पिठाचा वास, तमालेचं पातेलं अर्ध्यावर सोडून आलेली. नर्सने दाखवलं तिथे तिने सही केली, नाव सावकाश, अक्षर अक्षर.

"दोन्या तोमासा—" मी म्हणालो.

"गप्प पडा," ती झगा माझ्या गुडघ्यांवर नीट ओढत म्हणाली. "मी अजून बोलत नाहीये तुमच्याशी."

*

टाके काढले तशी ती बोलायला लागली. आता जावई फ्रीज परत आणून द्यायला तयार आहेत. मी म्हणालो, डॉक्टरने वजन उचलायला मनाई केली आहे. "तुम्हाला केली आहे, जावयांना नाही," तोमासा म्हणाली. मग मी म्हणालो, तिथली फरशी उंचसखल आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. अंड्यांच्या खाचा पुन्हा माझ्या झाल्या आहेत.

विम्याची मुदत संपली की यास्मिन पुन्हा तोच प्रश्न विचारायला येणार, आणि उत्तरही तेच द्यावं लागणार. या खेपेस मी तोमासाला आधीच सांगून ठेवलं.

"द्या उत्तर," ती म्हणाली. "पण त्या दिवशी ताट मिळणार नाही. कागदावरचं तरी खरं ठरू दे."

आज दूध घेऊन, जेवून, रस्ता ओलांडून परत आलो. कुलूप काढलं, दिवा लावला. दाराखालून बिल आलं होतं. आम्पारो रिव्हास, पत्ता बरोबर. ते उचलायला वाकलो.

दुखलं नाही.